टिपणिसांकडचे पाहुणे

बेल वाजली तेव्हा वृंदा टिपणीस स्वयंपाकघरात वाल सोलत बसली होती. बदलापुरातल्या खरवईच्या त्या रो-हाऊसच्या वसाहतीत दुपारच्या वेळी कुणी कुणाकडे येत नसे. तिला वाटलं, कुरियरवाला असेल. ओले हात पदराला पुसत ती दाराशी गेली. जाळीच्या पलीकडे एक बाई उभी होती. तिशीतली, गर्द जांभळी रेशमी साडी, हातभर बांगड्या, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र. लग्नघरून आल्यासारखी.

"आंटी, एक सेफ्टी पिन मिळेल का? पदर फाटला ना."

पदर खरंच फाटला होता. वृंदाने जाळीची कडी काढली, आणि त्याच क्षणी पोर्चच्या खांबाआडून एक पुरुष पुढे आला. त्याच्या डाव्या हाताला गुंडाळलेला नॅपकिन रक्ताने थबथबला होता. उजव्या हातात पिस्तूल होतं, लहानसं, काळं, जत्रेतल्या खेळण्यासारखं.

"आवाज नाय काढायचा, काकू. आत चला."

वृंदाला ओरडायचं सुचलंच नाही. तिचे पाय आपोआप मागे सरकत गेले आणि पाठ शोकेसला टेकली. हॉलमध्ये तिचे यजमान, बाळ टिपणीस, आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. पिस्तूल पाहिलं, रक्त पाहिलं, मग नजर खाली गेली.

"चपला बाहेर काढा," ते म्हणाले.

ती बाई गोंधळून खरंच चपला काढायला लागली. माणूस तिच्यावर खेकसला, "राजसी! बाहेर कुठे काढते? कोणी बघेल ना!"

टिपणिसांनी क्षणभर विचार केला. "तेही बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी हातातल्या पेपरचं मधलं पान काढलं आणि दाराशी पसरलं. "मग यावर काढा."

टिपणीस तसेच होते. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, घरातही शर्ट इस्त्रीचा घालणारे. वसाहत उभी राहिल्यापासून ते सोसायटीचे चेअरमन होते, ते गेल्या वर्षीच्या निवडणुकीपर्यंत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी आवाज चढवलेला वृंदाने ऐकला नव्हता. डोंबिवलीला दिलेली त्यांची मुलगी अनुया म्हणायची, बाबा चिडतात तेव्हा जास्तच हळू बोलतात.

दार बंद झालं, पडदे ओढले गेले. राजसीने दोघांचे फोन घेतले, बंद केले आणि तांदळाच्या डब्यात खुपसले. माणसाचं नाव महिपती. अंबरनाथच्या बुवापाड्यात वाढलेला. सकाळी ही दोघं नवरा-बायकोसारखी नटून उल्हासनगरात एका सराफाकडे गेली होती. दागिने बघता बघता पिस्तूल काढलं, पण म्हाताऱ्या शेठने महिपतीचा हातच धरला. झटापटीत शोकेसची काच फुटून त्याचा हात कापला. काहीही न घेता दोघं मोटरसायकलवरून आतल्या रस्त्यांनी पळाली, आणि खरवईत येऊन मोटरसायकल बंद पडली. पुढे हायवेला नाकाबंदी.

"पण आमच्याच घरी का?" वृंदाच्या तोंडून निघून गेलं.

"दारात तुळस, पितळेची पाटी, चकाचक पायरी," महिपती म्हणाला. "असल्या घरात पोलीस घुसत नाय. संध्याकाळी गाड्यांची गर्दी झाली की तुमची गाडी घेऊन निघू. अंकल चालवतील."

"हे बघा, आम्ही सभ्य माणसं आहोत," टिपणीस म्हणाले.

"म्हणून तर आलो."

वृंदाने त्याची जखम धुतली. औषधाच्या बाटलीचं झाकण तिला उघडेना, तेव्हा राजसीने बाटली तिच्या हातातून काढून घेतली. "मी ओतते, आंटी. तुम्ही फक्त पट्टी बांधा." महिपतीने दात आवळले, पण पिस्तूल सोडलं नाही. ते वृंदाच्या पोटापासून वीतभर अंतरावर होतं. आता हा दचकला आणि बोट दाबलं गेलं तर, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत राहिला.

मग राजसीने सांगितलं की दोघं सकाळपासून उपाशी आहेत. वृंदाने सोललेल्या वालाचं बिरडं फोडणीला टाकलं. भीतीने मीठ घातलं की नाही तेच आठवेना. महिपतीने तीनदा भात घेतला. टिपणीस टेबलाच्या टोकाशी त्यांच्या नेहमीच्या जागेवर बसून शांतपणे जेवले. मध्येच महिपतीला म्हणाले, "पिस्तूल टेबलावर नको. खुर्चीवर ठेवा." महिपतीने ते मांडीवर ठेवलं.

वृंदाला वाटलं, केवढं हे धैर्य. इतक्या वर्षांत आपण या माणसाला ओळखलंच नाही.

ताटं उचलत असतानाच पुन्हा बेल वाजली.

महिपती एका झेपेत दाराआड गेला. त्याने टिपणिसांना खूण केली. पिस्तुलाची नळी टिपणिसांच्या बरगडीला टेकली, आणि त्यांनी दार चारेक बोटं उघडलं. बाहेर शेजारचे महेंद्र रणपिसे उभे होते.

महेंद्र रेल्वेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. गेल्या निवडणुकीत चेअरमन झाले ते हेच. निवडून आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे टोकाच्या घरांना पाणी मिळवून दिलं. लोक खूश होते. टिपणीस म्हणाले होते, "लोकशाही आहे," आणि हसून हात मिळवला होता. तेव्हापासून रोज सकाळी भिंतीवरून "काय रणपिसे!" अशी हाक आणि तेच हसू. फक्त महेंद्र चहा पिऊन गेले की टिपणीस त्यांचा कप स्वतः उचलत आणि कामवालीच्या कपाशेजारी नेऊन ठेवत. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत. वृंदानेही कधी विचारलं नाही. 'आमच्याकडे जातबीत कुणी मानत नाही,' हे तर ते पाहुण्यांना नेहमी सांगत.

"टिपणीससाहेब, उद्या टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा," महेंद्र म्हणाले. "आणि ही भिंतीशी मोटरसायकल कुणाची हो?"

"हिच्या मावसभावाची."

"अच्छा. वहिनी बऱ्या आहेत ना?"

"अगदी छान," टिपणीस म्हणाले. दार लागलं.

महिपतीच्या कपाळावर घाम होता. "ओळखलं का त्याने? संशय आला?"

"नाही हो," वृंदा घाईघाईने म्हणाली. "ते सगळ्यांकडे जाऊन सांगतात पाण्याचं. साधा माणूस आहे."

टिपणीस खुर्चीत बसले. चष्मा काढून रुमालाने पुसायला लागले.

"सांगता येत नाही," ते हळूच म्हणाले. "फार हुशार माणूस आहे. मोटरसायकलचं मुद्दाम विचारलं त्यानं. त्याच्या गॅलरीत कॅमेरा आहे. आमचं दार त्यात स्पष्ट येतं."

वृंदाने चमकून पाहिलं. महेंद्रच्या गॅलरीत त्यांच्या बायकोच्या, शीलाच्या कुंड्या होत्या, बाकी काही नव्हतं. भीतीने यांचं डोकं फिरलं, तिला वाटलं.

"आणि त्याचा मेहुणा पोलिसात आहे," टिपणीस पुढे म्हणाले. "इथेच, बदलापुरात. त्याने फोन केला तर पाच मिनिटांत येतील."

शीलाचा भाऊ पनवेलला शाळेत गणित शिकवतो. गेल्या दिवाळीत याच हॉलमध्ये बसून त्याने टिपणिसांशी तासभर गप्पा मारल्या होत्या. म्हणजे हे भीतीने बरळलेलं नव्हतं. पिस्तूल पाहिल्यावरही वृंदा एवढी घाबरली नव्हती. नवऱ्याचे हात ती पाहत राहिली. चष्म्याची एक काच पुसून झाली, मग दुसरी. ते हात जराही कापत नव्हते.

"मग काय करायचं?" महिपती येरझाऱ्या घालत म्हणाला.

"ते तुम्ही ठरवायचं. मला त्यात पडायचं नाही." टिपणिसांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "या वेळी तो मागच्या अंगणात झाडांना पाणी घालतो. बायको वाचनालयात असते. एकटाच असतो."

"आत बोलवून बांधून ठेवू," राजसी म्हणाली.

"बांधलेला माणूस सुटल्यावर बोलतो," टिपणीस म्हणाले.

वर पंखा कुरकुरत होता.

"तुमीपण बोलालच की, अंकल," महिपती म्हणाला.

"आम्ही कशाला बोलू? तुम्ही आमच्या घरी जेवलात. आमची अब्रू आहे इथे."

महिपतीने ओठ चावला. त्याने आजवर कुणाला मारलं असेल-नसेल, पण आता तो घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात ते पिस्तूल होतं. "बोलवा त्याला. मागच्या दाराने. आत आला की मी बघतो."

"मी बोलावलं तर यायचा नाही कदाचित," टिपणीस म्हणाले. मग त्यांनी वृंदाकडे पाहिलं, आणि भाजी आणायला सांगावं तशा आवाजात म्हणाले, "वृंदा, तू हाक मार. तुझ्यावर विश्वास आहे त्याचा."

राजसी तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. ओट्यावरून उचललेल्या चाकूचं टोक पदराखालून वृंदाच्या कुशीला लागत होतं. मागचं दार अर्धं उघडं होतं. भिंतीपलीकडे पाइपातून पाणी पडल्याचा आवाज येत होता, आणि महेंद्र नेहमीसारखे बारीक शीळ घालत होते.

"हाक मार, आंटी."

वृंदाने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. तिने ओट्याची कड धरली आणि राजसीच्या कानाशी लागून म्हणाली, "खोटं आहे ते. सगळं खोटं आहे."

"क्या खोटं?"

"कॅमेरा नाहीये तिथे. बघ ना, कुंड्या आहेत नुसत्या. त्यांचा मेहुणा मास्तर आहे, पनवेलला. पोलिसात कुणीच नाही. त्या माणसाला काही कळलेलं नाही. तो पाण्याचंच सांगायला आला होता."

राजसीने बाजूच्या खिडकीच्या जाळीतून वर पाहिलं. गॅलरीत जास्वंद होती, मनीप्लांट होता. तिने बराच वेळ पाहिलं.

"मग अंकल असं का बोलला?"

"आमचे हे चेअरमन होते. मग हे शेजारचे निवडून आले." वृंदाला स्वतःचेच शब्द ऐकून हुडहुडी भरली. "आणि ते... ते आमच्यातले नाहीत. म्हणून."

राजसीच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते तिथेच विरलं. चाकू खाली आला. "बाई गं," ती म्हणाली. "आंटी, हम लोग चोर है. पण हे काय आहे?"

तिने वृंदाला तसंच ओढत हॉलमध्ये आणलं आणि महिपतीला एका दमात सगळं सांगितलं. महिपती ऐकत गेला. मग टिपणिसांसमोर स्टूल ओढून बसला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"अंकल," तो म्हणाला, "मला सुपारी देत होता? आणि ती पण फुकटात?"

"मी फक्त माहिती दिली. तुम्ही विचारलीत."

"मी बुवापाड्यातला माणूस. भाई लोकांच्यात बसलोय. ते पण आधी शिवी देतात, मग मारतात. तू तर चष्मा पुसत होता."

"एकेरी बोलू नका," टिपणीस म्हणाले.

महिपती स्टुलावरून उठला आणि खरंच दोन पावलं मागे गेला. दोघांनी कोपऱ्यात कुजबुजून काही ठरवलं. संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही, आत्ताच निघायचं. आणि गाडीत हा माणूस नको. हा नाक्यावर काय करेल, सांगता येत नाही.

"काकू येतील आमच्याबरोबर," महिपती म्हणाला.

वृंदाने नवऱ्याकडे पाहिलं. टिपणीस उठले, किल्ल्यांच्या खुंटीपाशी गेले आणि गाडीची किल्ली राजसीच्या हातात दिली.

"हो, तिला न्या," ते म्हणाले. "क्लच जरा हळू सोडा."

महिपतीने जाताना त्यांना आरामखुर्चीला बांधलं. गाठ मारून झाल्यावर पुन्हा एकदा तपासली.

नाक्यावर राजसी गाडी चालवत होती, शेजारी वृंदा, मागे कापलेला हात झोळीसारखा गळ्यात अडकवलेला महिपती. पिस्तूल सीटच्या पाठीतून आपल्या मणक्याला लागतंय असं वृंदाला वाटत होतं. हवालदाराने वाकून आत पाहिलं. पांढरे केस, कुंकू, सुती साडी.

"कुठे, काकू?"

"अंबरनाथला. भाच्याचा हात मोडलाय," वृंदा म्हणाली. आवाज स्वच्छ आला. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"जावा, जावा."

त्या क्षणी ती ओरडू शकली असती. पिस्तुलाची भीती होतीच. पण दुसरंही काही होतं. ओरडली असती तर पोलिसांनी तिला सोडवलं असतं आणि गाडीत बसवून घरी पोचवलं असतं. त्या हॉलमध्ये. त्या खुर्चीसमोर.

अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराच्या रस्त्यावर त्यांनी तिला उतरवलं. राजसीने काच खाली केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मागून महिपती ओरडला आणि गाडी निघून गेली. आजूबाजूला नेहमीची संध्याकाळ सुरू झाली होती. कुणी भाजी घेत होतं, कुणी लेकराला ओढत क्लासला नेत होतं. वृंदा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. दोन रिकाम्या रिक्षा समोरून गेल्या, मग कुठे तिसरीला तिने हात केला.

ती पोचली तेव्हा वसाहतीच्या फाटकापाशी पोलिसांची जीप होती आणि गर्दी. टिपणिसांना शेजाऱ्यांनीच सोडवलं होतं. ते पोर्चमध्ये बसून हकीकत सांगत होते, शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. त्यांच्या शेजारी पाण्याचा ग्लास हातात धरून महेंद्र रणपिसे उभे होते.

"वहिनी! सुखरूप आलात," महेंद्रचे डोळे भरून आले. "साहेबांनी फार धीराने घेतलं हो."

इन्स्पेक्टर तरुण होता, अदबीने बोलत होता. वृंदाने त्याला सगळं सांगितलं. कॅमेरा, मेहुणा, झाडांना पाणी घालायची वेळ, 'तुझ्यावर विश्वास आहे त्याचा'. सांगताना ती कुणाकडेच पाहत नव्हती. लिहून घेणाऱ्या हवालदाराचा हात थांबला.

"काकू, तुम्हाला धक्का बसलाय," इन्स्पेक्टर हळुवारपणे म्हणाला. "आत्ता आराम करा. जबाब उद्या घेऊ."

"तिला जरा पडू द्या," टिपणीस म्हणाले. "पहिल्यापासून घाबरट आहे."

लोकांनी माना हलवल्या. फक्त महेंद्र हलले नाहीत. मेहुण्याचं ऐकल्यावर त्यांनी हातातला ग्लास कठड्यावर ठेवला होता. ते टिपणिसांकडे बघत होते, आणि टिपणीस त्यांच्याकडे बघून हसत होते. रोज सकाळचं तेच हसू.

वृंदा पायऱ्या उतरली आणि शेजारच्या फाटकाकडे चालायला लागली.

"अगं, वृंदा," मागून हलक्या आवाजात टिपणीस म्हणाले. "लोक बघतायत."

ती रात्र तिने शीलाच्या घरी काढली. शीला तिचा हात धरून बसली होती. महेंद्रनी एवढंच विचारलं, "नुसत्या चेअरमनपदासाठी, वहिनी?" वृंदाने मान खाली घातली. उत्तर त्यांना तिच्याइतकंच ठाऊक होतं. ते उठले आणि मागच्या दाराला कडी लावून आले. भिंतीपलीकडून टिपणिसांचा आवाज येत होता. ते फोनवर कुणाला तरी सगळं पहिल्यापासून सांगत होते, अगदी चपलांसकट. दुसऱ्या दिवशी अनुया येऊन आईला डोंबिवलीला घेऊन गेली.

महिपती आणि राजसी आठवड्याच्या आतच नेरळला पकडली गेली. वसाहतीने गणपतीच्या मांडवात टिपणिसांना शाल-श्रीफळ दिलं. महेंद्र चेअरमन होते, पण त्या दिवशी ते गावाला गेले होते, असं शीलाने फोनवर सांगितलं.

कोर्टात साक्षीला वृंदाला यावंच लागलं. व्हरांड्यात बाकावर ती अनुयाची वाट बघत बसली होती, तेवढ्यात महिला पोलिसाबरोबर राजसी आली. साधा पंजाबी ड्रेस, हातात बांगड्या नाहीत. ती एकदम ओळखू आली नाही. राजसीने मात्र तिला ओळखलं.

"आंटी," तिने दबक्या आवाजात विचारलं, "त्या माणसासोबत राहत नाही ना तू अजून?"

"नाही गं. मुलीकडे असते."

"अच्छा किया," राजसी म्हणाली. तिने खरंच सुटकेचा निःश्वास टाकला. "मला जेलमध्ये पण तो दिसतो. चष्मा पुसताना."

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला टिपणीस आले होते. पांढरा शर्ट, हातात फाइल. दोन वकील अदबीने त्यांच्याशी बोलत होते. त्यांनी वृंदाला पाहिलं, हात वर केला आणि हसले.

"वृंदा, चहा घेणार का?"

वृंदा बाकावरून उठली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. राजसी महिला पोलिसाच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.